चपलांच्या स्टँडवरचा बिल्ला आणि ब्राउझरमधली कुकी

सदाशिव पेठेतल्या ज्या झेरॉक्सच्या दुकानातून मी कागद काढून घेतो, तिथे एक कॉम्प्युटर गिऱ्हाइकांसाठी ठेवलेला आहे. आजूबाजूच्या अभ्यासिकांमधली मुलं दिवसभर येत असतात. कुणाला प्रवेशपत्राची प्रिंट हवी असते, कुणाला दाखला अपलोड करायचा असतो. मागे एकदा मी रांगेत उभा असताना एक मुलगी मेल उघडायला गेली आणि तिच्यासमोर दुसऱ्याच कुणाचा तरी इनबॉक्स उघडला. पासवर्ड कुणी विचारलाच नाही. वर एका मुलाचं नाव, खाली त्याची सगळी पत्रं: बँकेचं स्टेटमेंट, खोलीचा भाडेकरार, आधार कार्डाची पीडीएफ. ती एकदम हात मागे घेऊन म्हणाली, "काका, मी काहीच केलं नाहीये हो."

तिनं खरंच काही केलं नव्हतं. आधी येऊन गेलेल्या मुलानं प्रिंट घेतली, वरच्या फुलीवर क्लिक करून खिडकी बंद केली आणि तो निघून गेला. त्याच्या लेखी काम संपलं होतं. मेलच्या साइटच्या लेखी मात्र तो अजून त्याच खुर्चीत बसलेला होता.

हे ज्या वस्तूमुळे घडलं तिचं नाव कुकी. आपल्यातल्या बहुतेकांची तिच्याशी ओळख एवढीच, की साइट उघडली की खाली एक पट्टी येते, 'आम्ही कुकीज वापरतो', आणि मजकूर झाकला जातो म्हणून आपण 'ॲक्सेप्ट ऑल' दाबून मोकळे होतो. मला वाटतं, दिवसातून दहा वेळा ज्याला 'हो' म्हणतो ते काय आहे हे माहीत असायला हवं. आणि ते कळायला कॉम्प्युटर शिकलेलं असण्याची गरज नाही. देवळात गेलेलं असणं पुरे.

देवळाबाहेर चपलांचा स्टँड असतो. आपण चपला देतो, माणूस त्या एका खणात ठेवतो आणि आपल्या हातात बिल्ला देतो. बिल्ल्यावर फक्त आकडा असतो, समजा ४७. आपलं नाव नाही, पत्ता नाही, चपला कोल्हापुरी आहेत की रबरी हेही नाही. ते सगळं त्याच्या खणात. दर्शन घेऊन परत आलो की तो आपल्या तोंडाकडे बघत नाही, बिल्ल्याकडे बघतो आणि ४७ नंबरच्या चपला समोर टाकतो.

कुकी म्हणजे हा बिल्ला. साइटचा सर्व्हर, म्हणजे साइट जिथे ठेवलेली असते तो कॉम्प्युटर, तो तयार करतो आणि आपल्या ब्राउझरकडे, म्हणजे साइट उघडणाऱ्या क्रोम, सफारीसारख्या प्रोग्रॅमकडे देतो. ब्राउझर तो जपून ठेवतो आणि पुढच्या प्रत्येक वेळी त्याच साइटकडे जाताना आपणहून दाखवतो. आपली माहिती, म्हणजे नाव, ऑर्डरी, पत्रं, बहुतेक वेळा सर्व्हरच्या खणात असते. आपल्या फोनमध्ये असतो तो नंबर.

ह्या बिल्ल्याची गरज का पडली? कारण वेबला मुळात आठवणच नाही. ब्राउझर एक पान मागतो, सर्व्हर ते देतो, व्यवहार संपतो. पुढच्या क्षणी दुसरं पान मागितलं तर सर्व्हरला तो नवाच माणूस वाटतो. आठ आण्याचा उधार न ठेवणाऱ्या दुकानदारासारखं, प्रत्येक सौदा तिथल्या तिथे पुरा. नुसती पानं वाचायची असतील तोवर हे चाललं. पण पुस्तकांच्या दुकानातून एक पुस्तक पिशवीत टाकलं आणि दुसरं बघायला गेलो, की दुकानाला पिशवीच आठवेना, असं कसं चालेल? १९९४ साली ब्राउझर बनवणाऱ्या नेटस्केप कंपनीतल्या लू मोंटुली ह्या प्रोग्रॅमरनं ह्यावर तोड काढली. आत काय आहे ते न बघता एकाकडून दुसऱ्याकडे सोपवायच्या खुणेला प्रोग्रॅमर मंडळी 'मॅजिक कुकी' म्हणायची, तेच नाव त्यानं उचललं. पहिला उपयोग अगदी साधा होता: नेटस्केपच्या साइटवर आलेला माणूस आधी येऊन गेलाय का, एवढंच बघायचं.

कुकी प्रत्यक्ष बघता येते, आणि एकदा तरी बघावी. कॉम्प्युटरवर क्रोम उघडा, एखाद्या साइटवर जा, एफ१२ चं बटण दाबा आणि वरच्या ओळीतलं 'ॲप्लिकेशन' निवडा. डाव्या बाजूला 'कुकीज' असं दिसेल, त्याखाली साइटचं नाव. त्यावर क्लिक केलं की एक तक्ता उघडतो. मी एका खरेदीच्या साइटचा उघडला तेव्हा वीसेक ओळी होत्या. पहिल्या रकान्यात कुकीचं नाव, दुसऱ्यात अक्षरं आणि आकडे मिसळलेली एक लांबलचक माळ, जिचा आपल्याला काही अर्थ लागत नाही. हाच तो ४७ नंबर, फक्त कुणाला अंदाजानं सांगता येऊ नये म्हणून एवढा लांब केलेला.

खरी गंमत पुढच्या रकान्यांत आहे. 'डोमेन' खाली लिहिलेलं असतं की हा बिल्ला कुठल्या साइटला दाखवायचा. हा नियम ब्राउझर कडकपणे पाळतो. एका साइटची कुकी दुसऱ्या साइटला वाचता येत नाही, बँकेची कुकी वर्तमानपत्राला कधी दिसत नाही. 'एक्स्पायर्स' खाली मुदतीची तारीख असते. तिथे 'सेशन' लिहिलं असेल तर ब्राउझर पूर्ण बंद झाला की कुकी जायची असते, तारीख असेल तर तोवर राहते. क्रोमनं २०२२ पासून ही मुदत जास्तीत जास्त ४०० दिवसांवर आणली, त्याआधी दहा-दहा वर्षांच्या तारखा टाकलेल्या कुकीजही असायच्या. 'सेशन'वरही फार विसंबू नका. 'मागच्या वेळी जिथे होतो तिथून सुरू कर' ही सोय ब्राउझरमध्ये चालू असेल तर खिडक्यांबरोबर सेशनच्या कुकीजही परत उभ्या राहतात. शिवाय लॉगिन करताना 'मला लक्षात ठेव' वर टिक केली असेल, तर साइट मुळात मुदतीची कुकीच देते. झेरॉक्सच्या दुकानात ह्यातलंच काहीतरी घडलं असणार.

त्यापुढच्या काही रकान्यांत टिकमार्क असतात. 'सिक्युअर' म्हणजे ही कुकी फक्त कुलूप लावलेल्या, म्हणजे एचटीटीपीएसच्या वाटेनंच जाईल. 'एचटीटीपी ओन्ली' म्हणजे पानावर चालणाऱ्या कुठल्याही स्क्रिप्टला, म्हणजे छोट्या प्रोग्रॅमला, ती वाचता येणार नाही, फक्त ब्राउझर आणि सर्व्हर ह्यांच्यातच राहील. लॉगिनच्या कुकीवर ह्या दोन्ही खुणा असणं हे साइट नीट बांधल्याचं लक्षण आहे.

आता दुसऱ्या जातीच्या बिल्ल्याकडे येऊ, कारण लोकांचा खरा राग त्याच्यावर आहे आणि तो रास्त आहे.

समजा तुम्ही लक्ष्मी रोडवर खरेदीला गेलात. साडीच्या दुकानात शिरलात, मग भांड्यांच्या, मग सराफाकडे. प्रत्येक दुकानदारानं आपापला बिल्ला दिला तर त्यात गैर काही नाही. पण प्रत्येक दुकानाच्या दारात एकाच कंपनीचा एक-एक माणूस बसलेला आहे असं समजा. पहिल्या दुकानात त्यानं तुमच्या पिशवीला हळूच एक चिठ्ठी अडकवली. पुढच्या दुकानात त्याच कंपनीच्या दुसऱ्या माणसानं ती चिठ्ठी वाचली आणि वहीत लिहिलं: हीच बाई मघाशी पैठण्या बघत होती, आता बांगड्या बघतेय. संध्याकाळपर्यंत त्या कंपनीकडे तुमची अख्खी फेरी लिहून तयार. त्या कंपनीच्या दुकानात तुम्ही पाऊलही टाकलेलं नाही.

ही थर्ड-पार्टी कुकी. पहिला पक्ष तुम्ही उघडलेली साइट, दुसरा पक्ष तुम्ही, आणि हा तिसरा. तो शिरतो कसा, तर बातमीच्या पानावर जाहिरातीचा जो चौकोन असतो, तो बातमीच्या सर्व्हरवरून येत नाही. ब्राउझरला तो जाहिरात कंपनीच्या सर्व्हरवरून मागून आणावा लागतो. मागायला गेला की ती कंपनी चौकोनाबरोबर स्वतःची कुकीही देते. नंतर तुम्ही पाककृतींच्या साइटवर गेलात आणि तिथेही त्याच कंपनीचा तुकडा असला, तर ब्राउझर तो आणताना तीच कुकी दाखवतो, आणि कुठल्या साइटवरून आलोय हेही सांगतो. कधीकधी तो तुकडा दिसतही नाही. एका ठिपक्याएवढं पारदर्शक चित्र पुरतं. सकाळी बघितलेला प्रेशर कुकर रात्री बातम्यांच्या मध्ये दिसतो तो असा. फोननं आपलं बोलणं ऐकलं, अशी शंका घेण्याची बहुतेक वेळा गरजही पडत नाही.

"कुकरची जाहिरात दिसली तर दिसली, बिघडलं काय?" असं मला पुष्कळ जण विचारतात. कुकरनं काही बिघडत नाही. पण माझ्या ओळखीतल्या एका घरात सगळ्यांचा मिळून एक लॅपटॉप आहे. त्या घरातली सून मूल होण्याच्या उपचारांबद्दल वाचत होती. घरात अजून कुणाला सांगायचं नाही, असं तिचं आणि नवऱ्याचं ठरलेलं. दोन दिवसांनी सासरे त्याच लॅपटॉपवर पेपर वाचायला बसले आणि पानापानावर टेस्ट ट्यूब बेबी सेंटरच्या जाहिराती. कुणी कुणाला काही बोललं नाही. पण जे सांगायचा हक्क तिचा होता, ते तिच्याआधी एका चौकोनानं सांगून टाकलं. आजार, कर्ज, घटस्फोट, नोकरी सोडायचा विचार, माणूस हल्ली पहिल्यांदा हे सगळं ब्राउझरशी बोलतो. म्हणून ही चिठ्ठी पिशवीला अडकू न देणं मला महत्त्वाचं वाटतं.

ॲपलच्या सफारीनं मार्च २०२० पासून थर्ड-पार्टी कुकीज पूर्ण बंद केल्या. फायरफॉक्सनं २०२२ पासून प्रत्येक साइटसाठी कुकीजची वेगळी बरणी ठेवली, एका साइटवर मिळालेली बाहेरची कुकी दुसऱ्या साइटवर दाखवलीच जात नाही. क्रोमची गोष्ट लांबली. गूगलनं जानेवारी २०२० मध्ये सांगितलं की दोन वर्षांत ह्या कुकीज हद्दपार करू. मग मुदत पुढे गेली, पुन्हा गेली, २०२४ च्या सुरुवातीला एक टक्का लोकांसाठी बंद करून बघितल्या, आणि जुलै २०२४ मध्ये सरसकट बंद करण्याचा बेतच सोडून दिला. ब्रिटनची स्पर्धा नियामक संस्था ह्यात लक्ष घालून होती. तिला काळजी वेगळीच होती, की छोट्या जाहिरात कंपन्यांची वाट बंद होईल आणि गूगलची चालूच राहील. एकूण परिणाम एवढा, की क्रोममध्ये हा निर्णय आपल्यावर सोडलेला आहे. आणि आपल्याकडचे बहुतेक फोन ॲन्ड्रॉइड, म्हणजे हातात क्रोम.

तेव्हा तो निर्णय घेऊन टाकू. फोनवर क्रोम उघडा, वरच्या कोपऱ्यातले तीन ठिपके, सेटिंग्ज, त्यात 'साइट सेटिंग्ज', त्यात 'थर्ड-पार्टी कुकीज'. तिथे 'ब्लॉक' निवडा. कॉम्प्युटरवर हेच 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' खाली सापडतं. मेनूतले शब्द दर काही महिन्यांनी थोडे बदलतात, पण 'थर्ड-पार्टी' हा शब्द शोधला की चुकत नाही. आयफोनवर सफारीच्या सेटिंग्जमध्ये 'प्रिव्हेंट क्रॉस-साइट ट्रॅकिंग' चालू आहे ना एवढं बघा. फायरफॉक्सला मूळ सेटिंगवर राहू दिलं तरी चालतं.

ह्यानंतर क्वचित एखादी साइट अडते. एका साइटच्या पोटात दुसऱ्या साइटचा व्हिडिओ किंवा लॉगिनची चौकट असली की असं होतं. तेव्हा पत्त्याच्या पट्टीत डोळ्याचं चिन्ह येतं. त्यावर दाबून फक्त त्या साइटपुरती परवानगी देता येते. त्यासाठी सगळं सेटिंग पुन्हा मोकळं करू नका.

'सगळ्याच कुकीज बंद' असाही पर्याय काही ब्राउझरमध्ये असतो. त्याच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बिल्लाच घेतला नाही तर चपला परत कशा मिळणार? लॉगिन टिकत नाही, पिशवी रिकामी होते, रेल्वेचं तिकीट अर्ध्यावर अडकतं, आणि दोन दिवसांत माणूस वैतागून सगळंच उघडं टाकतो.

आता पुसण्याबद्दल. कुठल्याही साइटच्या मदत केंद्राला फोन केला की पहिलं वाक्य येतं, "सर, कुकीज आणि कॅशे क्लिअर करून बघा." ह्या दोन वस्तू जोडीनं बोलल्या जातात, पण त्यांचं नातं काही नाही. कॅशे म्हणजे साइटची चित्रं आणि पानं पुन्हा डाउनलोड करायला लागू नयेत म्हणून ठेवलेला साठा. तो पुसला तर पान पहिल्यांदा जरा सावकाश उघडेल, बस. कुकीज पुसल्या की मात्र त्या ब्राउझरमध्ये प्रत्येक साइटवर पुन्हा लॉगिन करावं लागतं. म्हणून आधी पासवर्ड आठवतोय का, ते बघा. माझ्या काकूंनी कुणाच्या तरी सांगण्यावरून सगळं पुसलं आणि त्यांना दहा-बारा वर्षांपूर्वी भाच्यानं उघडून दिलेल्या मेलचा पासवर्ड आठवेना, नोंदवलेला मोबाइल नंबरही जुना. ते खातं परत मिळवायला आम्हाला तीन आठवडे लागले.

पुसण्याच्या त्याच खिडकीत 'सेव्ह केलेले पासवर्ड' असाही एक चौकोन असतो. त्यावर टिक नाही ना, हे दोनदा बघा. आणि अडचण एकाच साइटची असेल तर एकाच साइटच्या कुकीज काढता येतात. साइट उघडून पत्त्याच्या डावीकडचं छोटं चिन्ह दाबा, तिथे 'कुकीज आणि साइट डेटा' मिळतं. एका खोलीत झुरळ निघालं म्हणून अख्ख्या वाड्याला पेस्ट कंट्रोल कशाला?

ज्या पट्टीपासून सुरुवात केली तिच्याकडे वळू. ती आपल्यापर्यंत आली युरोपातून. युरोपीय महासंघानं २००९ मध्ये नियम केला की अत्यावश्यक नसलेली कुकी ठेवण्याआधी विचारायला हवं, आणि २५ मे २०१८ पासून जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू झाल्यावर संमती म्हणजे नेमकं काय ह्याची व्याख्या कडक झाली. ऑक्टोबर २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की आधीच टिक मारून ठेवलेला चौकोन ही संमती होऊ शकत नाही. जानेवारी २०२२ मध्ये फ्रान्सच्या नियामकानं गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोचा दंड केला, कारण 'हो' म्हणायला एक बटण होतं आणि 'नाही' म्हणायला बरीच बटणं दाबावी लागत होती.

त्यामुळे पट्टी आली की 'रिजेक्ट ऑल' किंवा 'ओन्ली नेसेसरी' शोधा. ते दिसत नसेल तर 'मॅनेज' किंवा 'सेटिंग्ज' च्या आड असतं. नाही म्हटल्यानं लेख वाचायला मिळत नाही असं सहसा होत नाही. मी कित्येक वर्षं नाहीच म्हणतोय. तुम्ही नाही म्हणालात हे लक्षात ठेवायलाही साइट एक कुकीच ठेवते, म्हणून कुकीज पुसल्या की पट्टी पुन्हा येते. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मला ब्राउझरच बिघडला असं वाटलं होतं.

आपल्याकडचा कायदा आहे डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. ह्या कायद्यात खास कुकीजबद्दल कलम नाही, पण कुकीतून तुमची ओळख पटत असेल तर ती वैयक्तिक माहितीच झाली. मला ह्यातल्या तीन गोष्टी फार मोलाच्या वाटतात. संमती मागणारी सूचना इंग्रजीबरोबर राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत, म्हणजे मराठीतही, वाचायचा पर्याय द्यावा लागेल. दिलेली संमती काढून घेणं, ती देण्याइतकंच सोपं असायला हवं. आणि अठरा वर्षांखालच्या मुलांचा असा माग काढायला आणि त्यांच्यावर नेम धरून जाहिराती दाखवायला मनाई आहे. ज्या सासऱ्यांना, काकूंना इंग्रजी पट्टी म्हणजे फक्त अडथळा वाटते, त्यांना 'तुम्ही कुठे कुठे फिरता ते आम्ही टिपून ठेवणार आहोत, चालेल का?' असं मराठीत विचारलं, तर त्यातले किती जण हो म्हणतील?

इन्कॉग्निटोबद्दल, म्हणजे ब्राउझरमधल्या खासगी खिडकीबद्दल, थोडक्यात. ती खिडकी उघडली की रिकामी बरणी घेऊन सुरुवात होते आणि अशा सगळ्या खिडक्या बंद केल्या की त्यातल्या कुकीज जातात. घरच्या सामायिक लॅपटॉपवर खासगी काही वाचायचं असेल तर ती उत्तम सोय आहे. पण तुमच्या इंटरनेट कंपनीला, ऑफिसच्या नेटवर्कला आणि ज्या साइटवर तुम्ही लॉगिन केलंत तिला तुम्ही दिसताच. आणि मोबाइलमधली ॲप्स माग काढायला मुख्यतः कुकीज वापरत नाहीत, त्यांच्यासाठी ॲन्ड्रॉइडमध्ये जाहिरातींचा एक वेगळा नंबर असतो. फोनच्या सेटिंग्जमध्ये 'ॲड्स' शोधलं की तो डिलीट करता येतो. दोन मिनिटांचं काम आहे, करून टाका.

आता ज्या गोष्टीची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती. स्टँडवाला बिल्ला बघतो, तोंड बघत नाही, असं मी वर म्हटलं. ह्याचा अर्थ, बिल्ला ज्याच्या हातात त्याच्या चपला. लॉगिनची कुकी दुसऱ्या कुणाच्या हाती लागली तर त्याला तुमचा पासवर्ड लागत नाही, ओटीपीही लागत नाही, कारण तो टप्पा तुम्ही आधीच ओलांडलेला असतो. चोर हल्ली हेच करतात. फुकट मिळालेलं चोरीचं सॉफ्टवेअर, खेळातली फसवणूक करून देणारी फाइल, 'तुमच्या व्हिडिओबद्दल करार' म्हणून मेलला जोडून आलेली फाइल, ह्यातून एक छोटा प्रोग्रॅम शिरतो आणि ब्राउझरमधल्या सगळ्या कुकीज उचलून नेतो. मग माणूस म्हणतो, "मी ओटीपी कुणालाही सांगितला नाही, तरी खातं गेलं." तो खरं बोलत असतो. ब्राउझरचं प्रत्येक एक्स्टेंशन, म्हणजे त्याला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, टाकतानाही 'सगळ्या साइट्सवरची तुमची माहिती वाचू आणि बदलू शकतं' हे वाक्य दिसलं तर थांबा. हवामान दाखवणाऱ्या एक्स्टेंशनला ते कशाला हवंय?

इथे एक फरक फार कामाचा आहे. कुकी पुसणं म्हणजे आपल्या हातातला बिल्ला फेकून देणं. स्टँडवाल्याच्या वहीत ४७ नंबर चालूच असतो, आणि कुणी त्या बिल्ल्याची नक्कल करून ठेवली असेल तर ती चालते. लॉगआउट करणं म्हणजे स्टँडवाल्याला सांगणं, की ४७ नंबर रद्द कर. म्हणून संशय आला तर नुसत्या कुकीज पुसू नका. खात्याच्या सिक्युरिटीच्या पानावर कुठल्या कुठल्या उपकरणांवर लॉगिन आहे त्याची यादी असते, तिथून 'सगळीकडून साइन आउट' करा. मग पासवर्ड बदला, आणि हे ज्या मशीनमध्ये चोर शिरला त्या मशीनवरून नको, दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ह्या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनला फोन. सुरुवातीच्या तासा-दोन तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते.

झेरॉक्सच्या दुकानात त्या दिवशी आम्ही त्या मुलाच्या पत्रांना हात न लावता वरच्या कोपऱ्यातून त्याला साइन आउट केलं. मग दुकानदार दादांनी विचारलं, "दर वेळी कोण लक्ष ठेवणार? पोरं घाईत असतात." प्रश्न बरोबर होता. क्रोममध्ये प्रोफाइलच्या चित्रावर क्लिक केलं की 'गेस्ट' असा पर्याय येतो. त्या खिडकीत केलेलं सगळं, कुकीज धरून, खिडकी बंद केली की पुसलं जातं. आम्ही त्या मशीनवरची नेहमीची प्रोफाइल पुसली आणि ब्राउझर गेस्टमध्येच उघडा ठेवायचं ठरवलं. दादांनी झेरॉक्सच्या कोऱ्या कागदावर स्केचपेननं लिहिलं, 'काम झाल्यावर आधी लॉगआउट, मग सगळ्या खिडक्या बंद', आणि तो मॉनिटरच्या कडेला सेलोटेपनं चिकटवला. डाउनलोड फोल्डर मात्र गेस्टमध्येही आपोआप रिकामा होत नाही. तो उघडून बघितला तर आत लोकांची आधार कार्डं, गुणपत्रिका, दाखले, सगळं मिळून दोनशेच्या वर फायली पडल्या होत्या. त्या दादांनी माझ्यासमोरच डिलीट केल्या, कचऱ्याची टोपलीही रिकामी केली.

तोवर ती मुलगी बाजूला थांबून होती. ती पुन्हा खुर्चीत बसली, मेलचा पत्ता टाकला, आणि ह्या वेळी समोर कोरी चौकट आली, नाव विचारणारी.